अधूनमधून येणारी थरथर आणि अर्धवट सुटलेला हँडब्रेक

अमरावतीहून नागपूरच्या दिशेने निघालेली मोटार दहा-बारा किलोमीटर अंतर कापून नांदगाव पेठला पोहोचते, तोपर्यंत तिचे इंजिन, टायर आणि ब्रेक चांगले तापलेले असतात. काही गाड्यांच्या मागील भागात नेमकी याच सुमारास एक बारीक थरथर सुरू होते. ती आसनातून आणि पायाखालच्या पत्र्यातून जाणवते. स्टिअरिंगवर मात्र तिचा फारसा मागमूस नसतो. टोलनाक्यावर गाडी थांबते, हँडब्रेक ओढला जातो, सोडला जातो, गाडी पुन्हा वेग घेते आणि थरथर नाहीशी झालेली असते. मोझरी येईपर्यंत चालक ती विसरतोही. तिवसा ओलांडल्यावर ती पुन्हा हजर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गॅरेजमध्ये नेली जाते. रात्रभर उभी राहून ती थंड झालेली असते. मेकॅनिक एक फेरी मारून येतो आणि गाडीत काहीच दोष नसल्याचे सांगतो. त्याचे म्हणणे त्याच्यापुरते खरेच असते. त्यानंतर व्हील बॅलन्सिंग होते, अलाइनमेंट होते, प्रसंगी दोन टायर बदलले जातात, आणि थरथर आपल्या वेळेनुसार येत राहते. अशा तक्रारींमागे जी अनेक कारणे असतात, त्यांत पूर्णपणे न सुटणारा हँडब्रेक हे सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत शेवटी आठवणारे कारण होय. त्याचा पुरावा उष्णतेच्या रूपाने चाकात साठलेला असतो आणि गाडी थंड होताच तो पुसला जातो. म्हणूनच या दोषाचे निदान गाडी गरम असताना, शक्यतो रस्त्याच्या कडेलाच करावे लागते.

हँडब्रेकची रचना अगदी साधी आहे. दोन आसनांमधील दांडा वर ओढला की त्याच्या दात्यांची पट्टी त्याला त्या जागी धरून ठेवते. दांड्याला जोडलेली पोलादी तारेची केबल गाडीच्या पोटाखालून मागे जाते. तेथे एका समतोल पट्टीपासून तिच्या दोन शाखा होतात आणि त्या दोन्ही मागील चाकांपर्यंत पोहोचतात. मागे ड्रम ब्रेक असतील, तर केबल आतील एक तरफ ओढते आणि ब्रेक शू, म्हणजे ज्यांना सर्रास लायनर म्हटले जाते ते अर्धगोल भाग, ड्रमच्या आतील भिंतीवर दाबले जातात. पायाच्या ब्रेकमध्ये दाब तेलामार्फत पोहोचतो. हँडब्रेकमध्ये तेलाचा संबंध नाही. दांडा खाली गेल्यावर केबलला परत ढकलणारे कोणतेही बळ चालकाच्या हाती उरत नाही. शूंना मागे खेचण्याचे सारे काम चाकातील स्प्रिंगांवर सोपवलेले असते. केबल आपल्या आवरणात अडखळली आणि स्प्रिंग थकलेली असली, तर दांडा पूर्ण खाली असूनही शू ड्रमला पुसटसा टेकून राहतो.

डॅशबोर्डवरील लाल दिव्यामुळे येथे मोठा गैरसमज होतो. बहुतेक गाड्यांत या दिव्याचे बटण दांड्याच्या मुळाशी असते. दांडा खाली आला की दिवा विझतो. मागच्या चाकात शू सुटला की नाही, याची त्याला काहीच वार्ता नसते.

केबल अडखळण्याची कारणे वऱ्हाडात शोधावी लागत नाहीत. केबलचे बाहेरचे रबरी आवरण एखाद्या ठिकाणी चिरले की पावसाळ्यात तेथून पाणी आत शिरते आणि आतील तार गंजून फुगते. काळ्या मातीचा चिखल मागच्या चाकांच्या आतील बाजूस थापला जातो. ऑक्टोबरच्या उन्हात तो वाळून घट्ट होतो आणि तरफेची हालचाल रोखतो. पावसात भिजलेली गाडी हँडब्रेक ओढून आठ-दहा दिवस अंगणात उभी राहिली, तर लायनर आणि ड्रम यांच्यामध्ये गंजाचा थर धरतो. पहिल्यांदा हलवताना 'टक्' असा आवाज होऊन चाक सुटते. चालक निश्चिंत होतो. परंतु ड्रमवर उमटलेला गंजाचा पट्टा पुढे बरेच दिवस प्रत्येक फेऱ्यात एकदा लायनरला खरवडत राहतो.

याखेरीज एक मानवनिर्मित कारण आहे आणि ते अधिक सामान्य असावे. लायनर झिजले की हँडब्रेकचा दांडा पूर्वीपेक्षा जास्त वर येऊ लागतो. यावर योग्य उपाय म्हणजे ड्रम उघडून शू आणि ड्रम यांमधील अंतर आधी नीट लावणे आणि सर्वांत शेवटी केबलला हात घालणे. घाईत याच्या उलट केले जाते. दांड्याजवळची नट चार फेरे आवळली जाते, दांडा दोन-तीन खाचांत घट्ट बसतो आणि ग्राहकही खूश होतो. तथापि, केबल आता विश्रांतीच्या स्थितीतही ताणलेली राहते. अनेक गाड्यांत शूंचे अंतर आपोआप जुळवणारी यंत्रणा असते. केबल सतत ताणलेली असेल तर तिचेही काम बिघडते. गाडीत मागे तीन माणसे आणि सामान असले की मागील भाग खाली बसतो आणि केबलचा मार्ग बदलतो. आधीच ताणलेली केबल अशा वेळी आणखी ओढली जाण्याची शक्यता असते. थरथर कुटुंबासह प्रवास करताना येते आणि कार्यालयात एकट्याने जाताना येत नाही, या वरकरणी चमत्कारिक वाटणाऱ्या तक्रारीचा उलगडा कधी कधी येथे होतो.

आता प्रश्न असा, की नुसत्या घासण्याने थरथर का निर्माण व्हावी आणि ती अधूनमधूनच का यावी? घर्षणाचा हिशेब प्रथम पाहावा. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. एका चाकाच्या कडेला केवळ १०० न्यूटन, म्हणजे साधारण दहा किलो वजनाइतका अवरोध असेल, तर त्या चाकात सुमारे २.२ किलोवॉट उष्णता निर्माण होत राहते. स्नानगृहातील मोठा गीझर अखंड चालू ठेवावा, असा हा प्रकार आहे. इतका अवरोध इंजिनाला सहज पेलतो. चालकाला फार तर गाडी किंचित जड वाटते आणि पेट्रोल थोडे अधिक लागते. ड्रमला मात्र ही उष्णता पेलावीच लागते.

२०० मिलिमीटर व्यासाचा बिडाचा ड्रम १०० अंशांनी तापला, तर त्याचा व्यास सुमारे ०.२ मिलिमीटरने वाढतो. ड्रम सर्व बाजूंनी सारखा तापला असता, तर तो शूपासून दूर गेला असता आणि दोष आपोआप मिटला असता. किंबहुना काही वेळा तसे घडतेही. परंतु जेथे ड्रम आधीच किंचित लांबट झालेला असतो किंवा जेथे गंजाचा पट्टा असतो, तेथे घर्षण अधिक होते. तो भाग अधिक तापतो, त्यामुळे आकार आणखी बिघडतो आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा हलका झटका बसू लागतो. १६५/८० आर १४ मापाच्या टायरचा घेर सुमारे १.९५ मीटर भरतो. म्हणजे ताशी ८० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला अकरापेक्षा थोडे अधिक फेरे घेते. सेकंदाला अकरा झटके माणसाला वेगवेगळे मोजता येत नाहीत. ते थरथर म्हणूनच जाणवतात. गाडी थांबून ड्रम निवला की आकार बराचसा पूर्ववत होतो. हँडब्रेक एकदा ओढून सोडला की अडकलेली केबल वेगळ्या जागी बसते. एखाद्या खड्ड्यातील हादऱ्यानेही ती मोकळी होऊ शकते. टोलनाक्यानंतर गाडी शहाण्यासारखी वागू लागते, त्याचे रहस्य एवढेच.

मागे डिस्क ब्रेक असलेल्या गाड्यांत चित्र थोडे निराळे दिसते. कित्येक गाड्यांत हँडब्रेकची केबल कॅलिपरवरील तरफ फिरवते आणि पॅड तबकडीवर दाबले जातात. तरफेचा आस गंजला तर ती पूर्ण मागे येत नाही. तबकडीच्या जाडीत मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांचा फरक पडला, तरी तो थरथरीच्या रूपाने जाणवू शकतो. शिवाय तापल्यावर तबकडीची जाडी वाढते आणि पॅडची पकड अधिकच घट्ट होते. ड्रममधील सवलत येथे मिळत नाही. बटणावर चालणारा विद्युत हँडब्रेक असलेल्या गाड्यांत दांडा नसतो, अनेकींत केबलही नसते. तेथे छोटी मोटर कॅलिपर आवळते. मात्र कॅलिपरच्या सरकत्या खिळ्यांवरील ग्रीस वाळले, तर परिणाम तोच.

थरथर येणाऱ्या प्रत्येक गाडीत हँडब्रेकच दोषी असतो, असे मात्र नव्हे. असंतुलित चाकाची थरथर ठरावीक वेगाला, बहुधा ताशी ८० ते १०० किलोमीटरच्या दरम्यान येते आणि प्रत्येक वेळी येते. वेळ-काळ पाहून ती येत नाही. पुढच्या चाकातील दोष स्टिअरिंगमध्ये जाणवतो. बेअरिंग गेले असेल तर घरघर ऐकू येते आणि वळणावर गाडीचा भार एका बाजूला जाताच तिचा सूर बदलतो. ड्राइव्ह शाफ्टचा जोड झिजला असेल, तर अॅक्सिलरेटर दाबताना हादरा बसतो आणि पाय उचलताच तो थांबतो. इंजिनाच्या रबरी बैठका फाटल्या असतील, तर उभ्या गाडीतही कंप जाणवतो. पायाचा ब्रेक दाबल्यावरच येणारी थरथर बहुतेक वेळा तबकडीशी वा ड्रमशी संबंधित असते. ब्रेकला पाय न लावता, एकाच वेगात चालताना, पंधरा-वीस मिनिटांच्या प्रवासानंतर येणारी थरथर मात्र चिकटलेल्या ब्रेककडे बोट दाखवते. हल्ली मोबाइल फोनवर कंपनांची वारंवारता मोजता येते. सेकंदाला अकरा हा आकडा मिळाला, तर दोष चाकाच्या गतीशी निगडित आहे, इतके समजते. तो टायरचा की ब्रेकचा, हे आकडा सांगत नाही. ते उष्णतेवरूनच ठरवावे लागते.

त्यासाठीची चाचणी सोपी, पण शिस्तीने करण्याची आहे. निघण्यापूर्वी सर्व टायरांतील हवा सारखी करून घ्यावी. वीसेक मिनिटे मोकळ्या रस्त्यावर, ब्रेकचा कमीत कमी वापर करून गाडी चालवावी. थरथर सुरू झाली की वेग हळूहळू कमी होऊ द्यावा आणि रस्ता सोडून सुरक्षित, सपाट जागी गाडी जवळजवळ स्वतःच्या गतीने थांबू द्यावी. येथे हँडब्रेक ओढण्याचा मोह टाळलाच पाहिजे, कारण तो ओढला आणि सोडला की अडकलेली केबल सुटून पुरावा नष्ट होतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा. गिअर आपोआप बदलणारी गाडी असेल तर ती पार्कमध्ये ठेवावी. मग दोन्ही मागील चाकांजवळ हाताचा मागचा भाग न्यावा, धातूला स्पर्श करू नये. डाव्या-उजव्या चाकांत स्पष्ट फरक जाणवला, तर संशयित सापडला. पुढच्या चाकांशी तुलना करण्यात अर्थ नाही. ब्रेक लावताना त्यांच्यावर अधिक भार येत असल्याने ती मुळातच जास्त तापतात. मे महिन्यात अमरावतीचे तापमान ४५ अंशांच्या घरात असताना रस्त्याकडील, उन्हात असलेले चाक सावलीतल्या चाकापेक्षा थोडे गरम असणारच, हेही ध्यानात घ्यावे. दोन्ही चाके सारखीच, पण अतिशय तापली असतील, तर दोष समतोल पट्टीच्या अलीकडे, म्हणजे मुख्य केबलमध्ये वा तिच्या जुळवणीत असण्याचा संभव अधिक.

दुरून तापमान मोजणारी इन्फ्रारेड बंदूक मिळाली तर उत्तम. मात्र करोनाच्या काळात घरोघरी आलेली ताप मोजण्याची बंदूक येथे निरुपयोगी आहे. तिची धाव माणसाच्या अंगाच्या तापमानापुरतीच असते. कारखान्यांत वापरले जाणारे उपकरण हवे आणि त्याचा रोख चकचकीत धातूवर न धरता मळलेल्या, काळपट भागावर धरावा, कारण चकाकणाऱ्या पृष्ठभागावर ते प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवते. जळक्या लायनरचा उग्र वास हा तर कोणत्याही उपकरणावाचून मिळणारा पुरावा. तापलेल्या चाकावर बाटलीतील पाणी ओतण्याची सवय अनेक चालकांना असते. ती घातक आहे. गरम बीड एकाएकी थंड झाल्याने ड्रमला तडा जाऊ शकतो किंवा त्याचा आकार कायमचा बिघडू शकतो.

यानंतरचे काम गॅरेजमधले. पुढची चाके अडवून मागचा भाग जॅकवर उचलावा आणि तो मजबूत घोड्यांवर टेकवावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून दोन्ही चाके हाताने फिरवावीत. बोलेरोसारख्या मागील चाकांवर चालणाऱ्या गाडीत डिफरन्शियलचा थोडा अवरोध लागतो, तो दोष समजू नये. हँडब्रेक खाचेखाचेने ओढत आणि सोडत प्रत्येक वेळी चाक फिरवून पाहिले, की कोणते चाक उशिरा सुटते ते दिसते. चाक जड फिरत असेल, तर प्रथम समतोल पट्टीपाशी केबल सैल करावी. चाक मोकळे झाले, तर दोष केबलचा किंवा अति आवळण्याचा. ते तसेच जड राहिले, तर चाकाजवळील हवा काढण्याचा स्क्रू किंचित उघडावा. थोडे तेल उडून चाक सुटले, तर आत दाब अडकलेला आहे. दोष मास्टर सिलिंडरमध्ये किंवा आतून फुगलेल्या रबरी नळीत शोधावा, आणि स्क्रू बंद केल्यावर तेलाची पातळी पाहून नळीतील हवाही काढून घ्यावी. दोन्ही उपायांनी फरक पडला नाही, तर शू, स्प्रिंग, तरफ किंवा कॅलिपर यांपैकी काहीतरी जागेवरच जाम झाले आहे. अर्ध्या तासाच्या या क्रमाने जे कळते, ते एकामागून एक सुटे भाग बदलून कळत नाही.

गंजलेल्या केबलमध्ये तेल सोडून ती काही दिवस चालवता येते, पण तो उपाय टिकत नाही. आतील गंज तसाच राहतो आणि तेलाला धूळ चिकटते. केबल बदलणेच श्रेयस्कर. स्प्रिंग दोन्ही चाकांच्या एकदमच बदलाव्यात, नाहीतर एक शू लवकर सुटतो आणि दुसरा रेंगाळतो. ड्रमवर कमाल व्यास आणि तबकडीवर किमान जाडी बहुधा कोरलेली असते. लेथवर घासून त्या मर्यादेत गोलाई परत मिळत असेल तरच तसे करावे. दांडा किती खाचांत बसावा, हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. जुळवणी झाल्यावर दांडा पूर्ण खाली असताना केबलमध्ये किंचित ढिलाई आहे ना, हे पाहणे मेकॅनिकइतकेच मालकाचेही काम आहे.

एवढ्याशा थरथरीसाठी इतका खटाटोप कशाला, असे वाटू शकते. चिकटलेल्या ब्रेकमुळे टायर आणि लायनर झिजतात, बेअरिंगमधील ग्रीस पातळ होऊन गळते, हे नुकसान पैशांचे आहे. खरा धोका ब्रेकच्या तेलाचा. डॉट ३ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पण हे तेल हवेतील ओलावा शोषते आणि पुरेसे पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. आधीच तापलेल्या चाकातील जुने तेल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाखालचे पॅडल पोकळ वाटू लागते. सुमारे ११०० मीटर उंचीवरील चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे घाट उतरताना हे घडले, तर काय होईल ते सांगायला नको. उताराला लागण्यापूर्वी चाकांची उष्णता तपासणे आणि घाटात खालच्या गिअरचा आधार घेणे, या दोन गोष्टी तेथे ब्रेकइतक्याच मोलाच्या ठरतात.

रेल्वेत या दोषाला 'ब्रेक बाइंडिंग' असे नावच आहे आणि चाकाजवळ धूर दिसला की गाडी थांबवून तो तपासला जातो. २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ लखनौ-मुंबई पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली. साखळी ओढून गाडी थांबवण्यात आली, घाबरलेले प्रवासी शेजारच्या रुळांवर उतरले आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडून किमान १२ जणांचा मृत्यू झाला. चाकाजवळ ठिणग्या दिसल्या असाव्यात आणि त्या तापलेल्या आसामुळे किंवा ब्रेक बाइंडिंगमुळे उडाल्या असाव्यात, अशी शक्यता त्या वेळी प्राथमिक माहितीत वर्तवली गेली होती. मोटारीच्या चाकातून धूर येऊ लागला, तर प्रवाशांना रहदारीच्या विरुद्ध बाजूने उतरवून रस्त्यापासून दूर न्यावे, हा नियम महामार्गावरही तितकाच लागू पडतो. गाडी वाळलेल्या गवतावर उभी करू नये.

अमरावती ते अकोला या पट्ट्यात राष्ट्रीय महामार्ग ५३ ची दुर्दशा दीर्घकाळ गाजत होती. जून २०२२ मध्ये याच मार्गावर लोणी ते माना दरम्यान १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरी रस्ता सलग टाकून गिनीज विक्रम नोंदवला गेला. खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडीचे बारीकसारीक दोष हादऱ्यांत बुडून जातात. सपाट रस्त्यावर ते उघडे पडतात. रस्ता सुधारल्यानंतर गाडी 'नव्याने' थरथरू लागल्याची तक्रार ऐकू आली, तर तो दोष बहुधा जुनाच असतो.

पावसाळ्यात गाडी अनेक दिवस उभी ठेवायची असेल, तर सपाट जागी हँडब्रेक न ओढता ती पहिल्या गिअरमध्ये, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावून ठेवावी. उतारावर मात्र हँडब्रेकला पर्याय नाही. गाडी धुतल्यावर किंवा पाण्यातून काढल्यावर थोडे अंतर चालवून, हलके ब्रेक लावून ते कोरडे करावेत आणि मगच गाडी उभी करावी. हँडब्रेक महिनोन्‌महिने न वापरणाऱ्यांच्या केबल अधिक लवकर गंजतात, त्यामुळे रोज एकदा तरी तो ओढून सोडावा. मृगाच्या सरींआधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास चिखल वाळल्यावर एकदा मागचे ड्रम उघडून साफ करून घेतले, तर वऱ्हाडातील गाडीला तेवढे पुरते.